पिकअपचा हौदा, त्यावरील आच्छादन आणि सोबतचा कुत्रा

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द उच्चारला की भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या वाहून नेणारे वाहन डोळ्यांसमोर उभे राहते. अमेरिकेत मात्र पिकअप हे कुटुंबाचेही वाहन आहे. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका तेथे १९७७ पासून सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आली आहे. अशा वाहनातून कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे आणि सुटीत शेकडो मैलांच्या प्रवासाला निघणे हे तेथे नित्याचेच आहे. त्या प्रवासात अनेकदा घरातला कुत्राही सोबत असतो आणि मग उघड्या हौद्यावर कोणते आच्छादन बसवावे, असा प्रश्न उभा राहतो.

वरकरणी हा प्रश्न किंमत, रंग आणि सोय यांचा वाटतो. तथापि, आच्छादनाखाली एखादा जीव प्रवास करणार असेल, तर हवा, उष्णता आणि वाहनाचा धूर हे तीन घटक सर्वाधिक महत्त्वाचे ठरतात. म्हणूनच आच्छादन निवडण्यापूर्वी कुत्रा नेमका कोठे बसणार, हे निश्चित करणे आवश्यक असते. बाकीची निवड त्या उत्तरावर अवलंबून असते.

आच्छादनांचे दोन वर्ग

पिकअपच्या हौद्यावरील आच्छादनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सपाट आच्छादनांचा. त्यांना तेथे ‘टोनो कव्हर’ म्हणतात. हे आच्छादन हौद्याच्या भिंतींच्या उंचीवर आडवे पसरलेले असते. दुसरा वर्ग छतासारख्या उंच आच्छादनांचा. त्यांना ‘कॅप’, ‘टॉपर’ किंवा ‘कॅनपी’ अशी नावे आहेत. कॅपला बाजूच्या भिंती, खिडक्या आणि मागे वर उघडणारे काचेचे दार असते. तिची उंची बहुधा केबिनच्या छताइतकी ठेवली जाते.

या दोहोंतील फरक समजण्यासाठी एक साधे माप पुरेसे आहे. पूर्ण आकाराच्या पिकअपच्या हौद्याची खोली साधारणपणे २० ते २२ इंच असते. प्रौढ लॅब्राडोर नराची खांद्यापर्यंतची उंचीच साडेबावीस ते साडेचोवीस इंच भरते. डोके त्याहून वर असते. म्हणजे सपाट आच्छादनाखाली असा कुत्रा सरळ उभासुद्धा राहू शकत नाही. शिवाय ही जागा अंधारी असते, तिला खिडकी नसते आणि हवा खेळण्याची व्यवस्थाही नसते. कुत्रा लहान असला आणि उंचीचा प्रश्न नसला, तरी हवेचा आणि उष्णतेचा प्रश्न कायम राहतो. सपाट आच्छादन कोणत्याही प्रकारचे असो, त्याखाली कुत्र्याला ठेवू नये, हा या विषयातील पहिला आणि निरपवाद नियम होय.

सपाट आच्छादनाचा खरा उपयोग

असे असले तरी कुत्रा पाळणाऱ्यांसाठी सपाट आच्छादन निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. चार दारांच्या पिकअपमध्ये मागील आसनावर कुत्र्यासाठी पुरेशी जागा असते. पण लांबच्या प्रवासात बॅगा, तंबू, शीतपेटी आणि खाद्याची पोती त्याच आसनावर येऊन बसतात. हे सामान आच्छादित हौद्यात हलवले की केबिनमधील जागा मोकळी होते आणि कुत्र्याला वातानुकूलित, सर्वांच्या नजरेसमोरची जागा मिळते. सपाट आच्छादन कुत्र्याच्या उपयोगी पडते ते अशा रीतीने. सामान हौद्यात आणि कुत्रा केबिनमध्ये, ही व्यवस्था बहुसंख्य कुटुंबांसाठी सर्वांत सुरक्षित आणि तुलनेने स्वस्तही आहे.

या हेतूने निवड करताना प्रमुख प्रकारांची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे लक्षात घ्यावीत.

गुंडाळता येणारे मऊ आच्छादन ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणलेल्या व्हिनाइलचे असते. ते वजनाला हलके असून काही शे डॉलरमध्ये मिळते. केबिनच्या दिशेने गुंडाळले की संपूर्ण हौदा मोकळा होतो. मात्र धारदार चाकूने ते कापता येते, त्यामुळे मौल्यवान सामानासाठी ते पुरेसे नाही.

घडीचे कठीण आच्छादन ॲल्युमिनियम किंवा तत्सम पट्ट्यांचे असते. चोरीपासून त्याने अधिक संरक्षण मिळते आणि हिमवृष्टीच्या प्रदेशात ते बर्फाचा भार अधिक चांगला पेलते. पूर्ण घडी करून केबिनला टेकवून उभे केले, तर काही नमुन्यांत मागील काचेतून दिसणारे दृश्य झाकले जाते.

सरकते कठीण आच्छादन एका पेटीत आत सरकते आणि हवे तेथे थांबवता येते. ही पेटी हौद्याच्या पुढच्या टोकाला काही इंच जागा अडवते. ज्यांचा हौदा साडेपाच फुटांचाच आहे, त्यांनी खरेदीपूर्वी हे माप अवश्य घ्यावे.

एकसंध कठीण आच्छादन बहुधा फायबरग्लासचे असते आणि बिजागऱ्यांवर एखाद्या झाकणासारखे वर उचलले जाते. ते दिसायला नेटके आणि मजबूत असते, परंतु उंच वस्तू न्यायची झाल्यास पूर्ण काढून ठेवावे लागते. त्यासाठी दोन माणसे लागतात.

यांपैकी कोणतेही आच्छादन पूर्णपणे जलरोधक आहे असे गृहीत धरू नये. कुत्र्याचे कोरडे खाद्य, औषधे आणि अंथरूण घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवणेच श्रेयस्कर.

केबिनमध्ये बसवल्यावरही कुत्र्याला मोकळे सोडू नये. एक साधे गणित पाहा. वाहनाचा वेग ताशी ५० किलोमीटर असताना टक्कर होऊन ते एक दशांश सेकंदात थांबले, तर ३० किलो वजनाच्या कुत्र्यावर सुमारे सव्वाचारशे किलो वजनाइतका जोर पडतो. बांधलेला नसेल तर तो त्याच जोराने पुढच्या आसनावर किंवा काचेवर आदळतो. म्हणून छातीवरून जाणारा रुंद पट्ट्यांचा हार्नेस आसनाच्या पट्ट्याला जोडावा अथवा पिंजरा पक्का बांधावा. केवळ गळपट्ट्याला दोरी बांधणे धोक्याचे आहे, कारण धक्का बसताच सारा भार मानेवर येतो.

कॅप केव्हा आवश्यक ठरते

काही कुटुंबांना हा मार्ग उपलब्ध नसतो. दोन दारांच्या पिकअपमध्ये मागील आसन नसते. कोणाकडे दोन-तीन मोठे कुत्रे असतात, तर कोणी शिकारीसाठी किंवा बचावकार्यासाठी प्रशिक्षित कुत्रे नेतो. अशा वेळी हौद्यातच कुत्र्याची व्यवस्था करावी लागते आणि तेव्हा कॅपचाच विचार करावा लागतो. कॅपची किंमत काही हजार डॉलरपर्यंत जाते. फायबरग्लासच्या कॅपचे वजन साधारणपणे ७० ते १०० किलो असते. ॲल्युमिनियमची कॅप त्याहून हलकी असते. हे वजन वाहनाच्या भारक्षमतेतून वजा होते, हे विसरू नये.

कुत्र्यासाठी कॅप घेताना पुढील बाबी पाहाव्यात. दोन्ही बाजूंना जाळीसह सरकत्या खिडक्या असाव्यात. छतावर वायुवीजनाचा झरोका असावा. पुढची काच उघडणारी असेल आणि केबिनची मागील काचही सरकती असेल, तर दोन्हींच्या मध्ये रबरी जोड बसवता येतो. त्यामुळे केबिनमधील थंड हवेचा काही अंश मागे पोहोचतो आणि कुत्रा नजरेसमोर राहतो. छताला आतून अस्तर असावे. बाहेरचा रंग शक्यतो पांढरा अथवा फिकट निवडावा. कॅपमुळे केबिनच्या मागील बाजूचा उंचावरचा ब्रेकचा दिवा झाकला जातो, म्हणून कॅपवर स्वतंत्र दिवा असणे आणि तो प्रत्यक्ष चालू असणे आवश्यक आहे.

कॅप बसवली म्हणजे काम पूर्ण झाले असेही नाही. आत कुत्रा मोकळा असेल, तर प्रत्येक वळणावर आणि ब्रेक लागताना तो पत्र्यावरून घसरत राहतो. हौद्यात जाड रबरी चटई अंथरावी. त्यावर कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पसरून झोपता येईल एवढा भक्कम पिंजरा ठेवावा आणि तो हौद्यातील कड्यांना चारही बाजूंनी न ताणल्या जाणाऱ्या मजबूत पट्ट्यांनी आवळून बांधावा. रबरी ताणपट्ट्या या कामी चालत नाहीत, कारण धक्का बसताच त्या ताणल्या जातात आणि पिंजरा उसळतो. पाळीव प्राण्यांच्या पिंजऱ्यांसाठी अमेरिकेत सरकारी सुरक्षा मानक नाही. त्यामुळे ‘टक्कर-चाचणी केलेला’ असा दावा वाचल्यावर ती चाचणी कोणी आणि किती वजनाच्या प्रतिकृतीवर केली, याची चौकशी ग्राहकानेच करावी लागते.

न दिसणारा धोका

बंद कॅपमधील सर्वांत गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइड या वायूचा आहे. इंजिनाच्या धुरातून बाहेर पडणाऱ्या या वायूला रंग नसतो आणि गंधही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो.

या धोक्याची नोंद वैद्यकशास्त्राने मुलांच्या बाबतीत घेतली आहे. ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९२ साली सिॲटल येथील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करताना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या २० मुलांचा तपशील त्यात आहे. त्यांपैकी १७ मुले कठीण, बंद कॅनपीखाली होती, तर ३ मुले ताडपत्रीखाली बसली होती. १५ मुलांची शुद्ध हरपली होती. एका मुलाचा मृत्यू झाला आणि एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. या सर्व घटनांत एक तर धूर वाहून नेणाऱ्या नळीत गळती असल्याचे आधीपासून ठाऊक होते किंवा नळीचे तोंड बाजूला नसून मागच्या दिशेला होते. ज्या जागेत बसलेली मुले बेशुद्ध पडतात, ती जागा कुत्र्यासाठी सुरक्षित मानता येणार नाही. शिवाय कुत्र्याला डोके दुखत असल्याचे सांगताही येत नाही. निपचित पडलेला कुत्रा गाढ झोपला आहे, असाच समज पुढे बसलेल्यांचा होतो.

यामागील कारण हवेच्या प्रवाहात आहे. वाहन वेगाने पुढे जाते तेव्हा त्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तेथे घुटमळतो. कुत्र्याला वारा मिळावा या सद्हेतूने मागचे काचेचे दार किंवा फाळका उघडा ठेवला, तर तोच धूर आत ओढला जातो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राचाही इशारा हेच सांगतो. केवळ मागचे दार उघडे असेल तर वायू वाहनात खेचला जातो, म्हणून अन्य खिडक्या व झरोके उघडून हवा खेळती ठेवावी, असे हे केंद्र बजावते.

यावरून काही नियम निघतात. चालत्या वाहनात मागचे दार नेहमी बंद असावे. हवा पुढच्या आणि बाजूच्या खिडक्यांतून यावी. कॅप बसवण्यापूर्वी सायलेन्सर व त्याच्या नळीची तपासणी करून घ्यावी आणि नळीचे तोंड बाजूला वळवता येते का, हे पाहावे. हौद्याच्या तळाला गंजून पडलेली छिद्रे आणि फाळक्याभोवतीच्या फटी बुजवाव्यात. आत बॅटरीवर चालणारा वायुसूचक जरूर लावावा, परंतु केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून कुत्र्याला आत बसवू नये. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या पिकअपमध्ये स्वतःच्या धुराचा प्रश्न नसतो, उष्णतेचा मात्र तेथेही कायम राहतो.

उन्हाची गती

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीरातील उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून बाहेर सोडतो. भोवतालची हवाच तापलेली आणि दमट असेल, तर हा उपाय निष्फळ ठरतो. पग, बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना हा त्रास लवकर होतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमानाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या दिवशी आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडक्या किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. या नोंदी मोटारीच्या केबिनमधील होत्या. कॅपखालील जागाही बंदिस्तच असते, तिला स्वतःची वातानुकूलन यंत्रणा नसते आणि खालून सायलेन्सरची उष्णताही पत्र्याला तापवते. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांवर राहिले होते. अशा हवामानात हौद्यातील प्रवास, मग कॅप कितीही चांगली असो, टाळलाच पाहिजे.

सहलीच्या आखणीतही या गोष्टीचा विचार व्हावा. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर कुत्र्यांना मनाई आहे. यलोस्टोनमध्ये पाळीव प्राण्यांना रस्ते आणि वाहनतळांपासून १०० फुटांच्या आतच ठेवावे लागते. ग्रँड कॅन्यनमध्ये दरीच्या काठापासून खाली उतरणाऱ्या वाटांवर त्यांना नेता येत नाही. असे नियम ऐनवेळी कळले की ‘तासाभरासाठी’ कुत्र्याला कॅपखाली ठेवून जाण्याचा मोह होतो. उन्हाळ्यात तो एक तास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून कुत्र्याजवळ कोण थांबणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

कायदा काय सांगतो

उघड्या हौद्यातून कुत्रा नेण्याबाबत अमेरिकेत सर्व राज्यांना लागू असलेला एकच नियम नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेच्या कलम २३११७ नुसार महामार्गावर उघड्या हौद्यातून प्राणी नेताना तो बाहेर फेकला जाणार नाही, अशी व्यवस्था बंधनकारक आहे. त्यासाठी हौदा बंदिस्त असावा, त्याला तळापासून किमान ४६ इंच उंचीचे कठडे असावेत, प्राणी दोन्ही बाजूंनी बांधलेला असावा अथवा पक्क्या पिंजऱ्यात असावा. पशुपालन व शेतीच्या कामातील कुत्र्यांना त्यात सवलती आहेत. ऑरेगन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतही या विषयीचे कायदे आहेत. एकाहून अधिक राज्यांतून प्रवास असेल, तर प्रत्येक राज्याचा नियम आधी पाहून ठेवावा.

मात्र कायद्याने चालणारी गोष्ट सुरक्षित असतेच असे नाही. उघड्या हौद्यात दोन बाजूंनी बांधलेला कुत्रा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बसतो. पण उडणारे खडे, डोळ्यांत जाणारी धूळ, तापलेला पत्रा आणि मागून बसणारी धडक यांपासून ती दोरी त्याला वाचवू शकत नाही.

भारतातील वाचकांसाठी

भारतातही आता प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या पिकअपना ग्राहक आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये, तर टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये येथील बाजारात आली. अशा वाहनांवर कॅनपी बसवू इच्छिणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल या कलमान्वये करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट. प्राण्यांना अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने त्यांची ने-आण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांतील ऊन लक्षात घेता कॅपविषयीची वरील सावधगिरी येथे अधिकच लागू पडते.

निर्णय घेताना

थोडक्यात सांगायचे तर खरेदीला निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. केबिनमध्ये कुत्र्याला कायमची जागा देता येते का? येत असेल, तर आपल्या सामानाला आणि हवामानाला साजेसे सपाट आच्छादन घ्यावे आणि उरलेला पैसा चांगल्या हार्नेसवर खर्च करावा. जागा देता येत नसेल, तर खिडक्या आणि झरोके असलेली फिकट रंगाची कॅप, पक्का बांधलेला पिंजरा आणि निर्दोष सायलेन्सर या तिन्हींचा खर्च एकत्रित धरावा. यांपैकी एकही गोष्ट परवडणारी नसेल किंवा प्रवास कडक उन्हातला असेल, तर कुत्र्याला या खेपेस घरी किंवा विश्वासू व्यक्तीकडे ठेवता येईल का, हा तिसरा प्रश्न विचारावा.

आच्छादन बसवल्यावर पहिलाच प्रवास लांबचा करू नये. अर्ध्या तासाची फेरी मारून आतील तापमान, आवाज आणि धूर यांचा अंदाज घ्यावा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून कुत्र्याला पाणी पाजावे, खाली उतरवून थोडे चालवावे आणि त्याची चाल व श्वास न्याहाळावा. तो लडखडत असेल, उलटी करत असेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे.